वादविवाद स्पर्धेत पहिल्यांदाच परीक्षक म्हणून बसायचंय. गुण नेमके कशाला द्यायचे?

मेधा_भांडुप

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात दादर परिसरातल्या एका कॉलेजच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलंय. मी शिक्षिका नाही, बँकेत आहे. कॉलेजात तीन वर्षं स्पर्धा गाजवल्या नाहीत पण मनापासून केल्या, तेवढीच पुंजी. हो म्हणून बसले आणि आता झोप लागत नाही.

स्वरूप आपलं नेहमीचंच. प्रत्येक कॉलेजचे दोघे, एक अनुकूल बाजूने, एक प्रतिकूल. विषय आधी दिलाय: 'सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची बंदी असावी.' २२ संघ, म्हणजे ४४ वक्ते. पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, सहाव्याला दुसरी. नुसती भाषणंच जवळजवळ साडेचार तास चालणार. आम्ही तिघे परीक्षक, गुणपत्रक १०० गुणांचं: मांडणी २५, युक्तिवाद २५, खंडन २०, भाषा व उच्चार २०, सभाधीटपणा आणि वेळेचं भान १०.

झोप का लागत नाही ते सांगते. एसवायला असताना एका स्पर्धेत माझी जोडीदार वाड्याकडची मुलगी होती. हॉस्टेलवर राहायची. त्या दिवशी ती काय बोलली होती! समोरच्या चार जणांचे मुद्दे नाव घेऊन एकेक करून खोडले तिने. आणि निकालाआधीच्या मनोगतात एक परीक्षक माईकवरून म्हणाले, "काही स्पर्धकांना अजून न आणि ण मधला फरक कळत नाही, त्यांनी आधी मराठी शिकून यावं." नाव घेतलं नाही, पण सगळं सभागृह तिच्याकडे वळून बघत होतं. दादरच्या पुलावर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या तोपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. नंतर ती कधी स्पर्धेला उभी राहिली नाही. मी तिथे उठून काही बोलले नाही, हे आजही टोचतं.

आता तोच २० गुणांचा रकाना माझ्या हातात येणार आहे. त्याचं काय करू? दुसरं, वक्त्याने चुकीची माहिती ठोकून दिली आणि पुढच्या कोणीच ती पकडली नाही, तर मी गुण कापायचे का? पहिल्या वक्त्यापुढे खोडायला कोणी बोललेलंच नसतं, त्याला खंडनाचे गुण कसे द्यायचे? आणि शेवटचं, या विषयावर माझं स्वतःचं मत अगदी पक्कं आहे. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे आणि रात्री दोनपर्यंत रील बघतो. मी बंदीच्या बाजूने आहे. मग प्रतिकूल बाजूच्या २२ मुलांना माझ्याकडून न्याय मिळेल का?

घंटेवरचा

मेधाताई, मी कॉलेजची चार वर्षं टाइमकीपर होतो, अजूनही बोलावलं की जातो. परीक्षकांच्या टेबलाशेजारी बसून जे बघितलं तेवढंच सांगतो.

वेळेचे गुण परीक्षकांनी कापू नयेत. एक जण दहा सेकंदांना तीन गुण कापतो, दुसरा मिनिटभर जास्त बोललं तरी सोडून देतो. आयोजकांना सांगा, किती सेकंदांना किती गुण ते आधी ठरवा, टाइमकीपरने नोंद करावी आणि बेरजेच्या वेळी सगळ्यांना सारखी वजावट व्हावी. घड्याळ 'अध्यक्ष महोदय'पासून सुरू की विषयापासून, हेही सकाळीच जाहीर करायला लावा.

रविवार असेल तर लोकलच्या मेगाब्लॉकचं आधी विचारा. कर्जत-कसाऱ्याकडची मुलं हमखास अडकतात. उशिरा आलेला संघ बाद करायचा की क्रम मागे ढकलायचा, ते नारळ फोडायच्या आधी ठरलेलं असावं. दारात उभ्या राहिलेल्या, घामाने भिजलेल्या मुलांसमोर ठरवायची गोष्ट नव्हे ती.

आणि जेवणानंतरचे पहिले चार वक्ते. तेव्हा परीक्षक डोळे उघडे ठेवून झोपलेले असतात, मी बघितलंय. दर अकरा वक्त्यांनंतर दहा मिनिटं उठा.

परळचे_मास्तर

मेधाताई, कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं आणि परीक्षक म्हणून बऱ्याच स्पर्धांना बसलो. तुमच्या मैत्रिणीचं वाचून पोटात तुटलं. पण तुम्हाला काही सांगण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगणं भाग आहे.

वीसेक वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी एका मुलाला पहिला क्रमांक दिला. आवाज असा, की माईक बंद पडला असता तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेला असता. सुरुवात ओवीने, शेवट शेराने. टाळ्या थांबेनात, त्यात माझ्याही होत्या. रात्री घरी पिशवीतून वही काढली. त्याच्या नावाखाली तीन शब्द होते: 'आवाज. आत्मविश्वास. शेर!' खाली पान कोरं. पुढच्या पानावर पाचव्या आलेल्या मुलीच्या नावाखाली अकरा ओळी होत्या आणि त्यातल्या चार ओळींपासून आधीच्या वक्त्यांच्या मुद्द्यांकडे गेलेले बाण, माझ्याच हातचे. वाद कोण घालतंय ते माझ्या हाताला कळलं होतं, गुण देताना मी कानाचं ऐकलं. चषक गेलेला होता. त्या मुलीला हे सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून माझी वही अशी असते. लांब रजिस्टर आडवं धरायचं, मधोमध रेघ. डावीकडे अनुकूल, उजवीकडे प्रतिकूल. एक मुद्दा म्हणजे एक ओळ, तिच्यापुढे वक्त्याचा क्रमांक गोलात. पलीकडच्याने उत्तर दिलं की बाण. उत्तर खरोखर लागू पडलं तर मूळ ओळीवर काट. 'माझ्या मित्राचं म्हणणं साफ चुकीचं आहे' एवढंच म्हटलं आणि कारण दिलं नाही, तर बाण तुटक. 'छान', 'प्रभावी', 'ओजस्वी' असले शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. ४४ वक्ते म्हणून घाबरू नका. दहाबारा जण झाले की तेच मुद्दे फिरून येतात, तेव्हा नवी ओळ न लिहिता जुन्या ओळीपुढे फक्त क्रमांक टाकायचा. मग एकतिसाव्या क्रमांकाला कोणी खरंच नवीन बोललं, तर ती ओळ पानावर एकटी उठून दिसते. कंटाळलेल्या कानाला ती ऐकू आली नसती.

युक्तिवाद तपासायला बाहेरून काही आणायची गरज नाही, आपल्याकडे न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, अख्खी यादी आहे. वादात माणूस कुठे हरतो त्या जागांना निग्रहस्थानं म्हणतात, ती २२ सांगितली आहेत. सगळी पाठ करू नका, मला स्पर्धेत रोज भेटतात ती पाच सांगतो. प्रतिज्ञांतर, म्हणजे अडचणीत आल्यावर हळूच मूळ विधान बदलणं: सुरुवात 'बंदी हवी' आणि शेवट 'निदान पालकांनी लक्ष ठेवावं'. अर्थांतर, म्हणजे विषय सोडून भलतीकडे जाणं. शेवटच्या मिनिटात शिवरायांकडे धाव घेणारी भाषणं यातच मोडतात, मग टाळ्या कितीही पडोत. पुनरुक्त, तेच शब्द बदलून पुन्हा. अननुभाषण, समोरच्याचं म्हणणं नीट सांगताच न येणं. याकडे फार लक्ष द्या. मुलं विरोधकाच्या तोंडी तो न बोललेलं वाक्य घालतात आणि मग ते मोठ्या थाटात खोडतात. आणि मतानुज्ञा, आपल्यावरच्या आक्षेपाला उत्तर न देता 'तुमच्यातही तोच दोष आहे' म्हणणं. तसं म्हणताना आपल्यातला दोष आपणच कबूल केलेला असतो.

पहिल्या वक्त्याचं कोडं इथेच सुटतं. शास्त्रकार लिहितात तेव्हा समोर कोणी नसतं, तरी आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मांडतात आणि मग त्याला उत्तर देतात. पहिल्या वक्त्याने पुढे येणारा आक्षेप ओळखून त्याला आधीच उत्तर दिलं का, एवढं बघा. ते त्याचं खंडन. आणि पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलने लिहा. सुरुवातीला प्रत्येक परीक्षक हात आखडता घेतो, 'पुढे कोणी बरा आला तर?' म्हणून. चौथं भाषण संपलं की मागे जाऊन ते आकडे पक्के करा.

चुकीच्या माहितीबद्दल माझा नियम असा: वाद दोन वक्त्यांमधला आहे, वक्ता आणि मी यांच्यातला नाही. सनावळीत वर्षाचा घोळ झाला तर मी गप्प बसतो. पण मुद्दाच त्या चुकीवर उभा असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या विषयात ऑस्ट्रेलिया प्रत्येकाच्या तोंडी असणार. तिथला कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला, १० डिसेंबर २०२५ पासून लागू आहे, वयाची अट सोळा, आणि दंड आहे तो कंपन्यांना, मुलांना किंवा आईबापांना नाही. आता कोणी म्हणालं की 'तिथे पालकांना दंड होतो, आपल्या गरीब पालकांनी तो कुठून भरायचा?', तर त्या ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह काढतो आणि तिला वजन देत नाही. वेगळा गुण मात्र कापत नाही. पुढच्या कोणी ती चूक पकडली, तर त्याला भरभरून देतो.

तुमच्या भाच्याचं म्हणाल, तर स्पर्धेच्या आदल्या रात्री कागद घ्या आणि बंदीच्या विरोधातले चार सगळ्यात बळकट मुद्दे स्वतः लिहा. वाक्यं अशी, की विरोधकाने वाचून 'हो, हेच म्हणायचंय मला' म्हणावं. ज्या बाजूला आपण तोलून बघितलं नाही तिच्यावरच अन्याय होतो.

उच्चारांवर मला लांब लिहायचं नाही. गिरणगावात वाढलो. माझ्या वर्गात मालवणी बोलणारी मुलं होती, साताऱ्याकडची होती, वरळीच्या पद्मशाली घरातली, घरी तेलुगू बोलणारी होती. 'पानी' म्हटल्याने कोणाचा मुद्दा समजला नाही, असं एकदाही झालं नाही. २० पैकी गुण देताना मी एवढंच विचारतो: वाक्य पूर्ण झालं का, शब्द नेमका होता का, मला पुन्हा विचारावं लागलं का.

पवई_सात_मिनिटं

मास्तर, वही आवडली. आम्ही इंग्रजी पार्लमेंटरी डिबेट करणारेही कागदावर असेच बाण काढतो. तिकडची एक गोष्ट इथे कामाला येईल. ब्रिटिश पार्लमेंटरीत एका फेरीत चार संघ, प्रत्येकात दोघे, विषय कळल्यावर तयारीला १५ मिनिटं आणि भाषण ७ मिनिटांचं. फेरी संपली की परीक्षक खोलीत बसून आधी चर्चा करतात, क्रम ठरवतात, आणि गुण त्यानंतर लिहितात. मग संघांसमोर जाऊन कोणता मुद्दा का निर्णायक ठरला ते तोंडी सांगतात. विद्यापीठांच्या जागतिक वादविवाद स्पर्धा, २०१४ ची चेन्नईतली धरून, याच पद्धतीने होतात.

आपल्या मराठी स्पर्धांत तिघे तीन लिफाफे देतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही. बेरजेत काय होतं बघा. 'क'ला तिघांनी दिले ७४, ७६, ६०. 'ख'ला ७२, ७५, ८०. बेरीज 'क' २१०, 'ख' २२७. पहिला आला 'ख'. पण तिघांपैकी दोघांच्या मते 'क' सरस होता! ज्याचा हात सैल, जो ६० ते ८० असे आकडे फेकतो, त्याच्या एकट्याच्या मताने निकाल लागतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून क्रमांक काढा आणि क्रमांकांची बेरीज करा. इथे 'क'ची १+१+२ म्हणजे ४, 'ख'ची २+२+१ म्हणजे ५, आणि कमी बेरीज वर. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. आयोजकांना आत्ताच सांगा, त्या दिवशी ऐकणार नाहीत.

आग्रही_मराठी

मास्तरांबद्दल आदर आहे, तरी उच्चारांबाबत मी सहमत नाही. मी उच्चारशुद्धीचे वर्ग घेते. घरात बोली गोडच लागते. पण स्पर्धेचं व्यासपीठ हे प्रमाण भाषेचा सराव करण्याचं ठिकाण आहे. याच मुलांना उद्या मुलाखतीत, निवेदनाच्या कामात कोणी सवलत देणार नाही. आपण आज गप्प राहिलो तर त्यांचं भलं केलं असं होत नाही. माईकवरून अपमान करणं वाईटच, पण म्हणून गुणही कापायचे नाहीत?

मेधा_भांडुप

ताई, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. एक विचारते. माझ्या काळात दर वाक्याला 'बेसिकली' आणि 'ॲक्च्युली' म्हणणाऱ्या मुलांचा एक गुण कापलेला मी कधी बघितला नाही. त्यांना परीक्षक 'आजची पिढी' म्हणायचे. 'आनी' म्हणणारीला मात्र 'मराठी शिकून या'. शुद्धता हवी तर ती दोन्हीकडे हवी ना? आमच्या वेळी ती फक्त एसटीने आलेल्यांकडेच मागितली जायची.

परळचे_मास्तर

आग्रहीताई, वक्तृत्व स्पर्धेत तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, तिथे उच्चार हा परीक्षेचा भागच आहे. शब्दांची शेवटची अक्षरं गिळणं, अर्धवट वाक्यं, यांचे गुण मी वादविवादातही कापतो, कारण तिथे ऐकणाऱ्याला त्रास होतो. पण वादात दोष काढायचा तो वादाचा. आणि मुलीला उच्चार सुधारायचे असतील तर खाली उतरल्यावर बाजूला घेऊन सांगता येतं. तुम्ही तर ते उत्तम सांगाल.

आग्रही_मराठी

'बेसिकली'बद्दल मेधा बरोबर आहे. तिथे आपण सगळेच ढिले पडतो.

मेधा_भांडुप

स्पर्धा काल झाली. कळवायचं कबूल केलं नव्हतं, पण तुम्ही एवढं लिहिलंत.

माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक होताच. दोन संघ पाऊण तास उशिरा आले. नियम आधी ठरला होता म्हणून त्यांना शेवटचे क्रमांक दिले आणि कोणी कुरकुर केली नाही. वेळेची वजावट टाइमकीपरनेच केली. क्रमांकांच्या बेरजेला आयोजक आधी तयार नव्हते. दोन दिवस आधी त्यांना 'क' आणि 'ख'चं उदाहरण पाठवलं, तेव्हा पटलं.

वही मास्तरांसारखी केली. सकाळी हात अडखळत होता, बाण कुठून कुठे न्यायचा कळेना. पंधराव्या वक्त्यापासून जमायला लागलं. सव्विसावी एक बारीक आवाजाची मुलगी होती, बंदीच्या विरोधात. म्हणाली, घरात एकच फोन, तो आईच्या नावावर, त्यावर चौघे भावंडं. वय तपासायचं ते कोणाचं? माझ्या पानावर तोपर्यंत तो मुद्दा कुठेच नव्हता. आदल्या रात्री मी लिहिलेल्या चारांतही नव्हता. बंदीच्या बाजूच्या कोणालाही शेवटपर्यंत त्याचं उत्तर देता आलं नाही. मी तिला पहिलं ठेवलं.

बाकी दोघांचं मत वेगळं होतं. चहाला बसून आम्ही वीस मिनिटं बोललो. एकांचं म्हणणं होतं, तिने मुद्दा टाकला पण तो पुढे नेला नाही, तिथून बंदी चूक कशी ठरते ते सांगितलं नाही. वही बघितली तर खरंच त्या ओळीखाली काही नव्हतं. मी तिला तिसरी केली. निकालात ती चौथी आली, उत्तेजनार्थ. मला अजून नीट ठरवता येत नाही की मी मागे हटायला हवं होतं की नाही.

भाषेच्या रकान्यात न-णचा एकही गुण कापला नाही. 'ॲक्च्युली'चे कापले, तिघांचे.

बक्षीस समारंभ झाल्यावर ती मुलगी आली, "मॅडम, माझं काय चुकलं ते सांगाल?" मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. सव्वीस क्रमांकाचा गोल, त्याच्यापुढे तिची ओळ, काट नाही, आणि पलीकडून तिच्याकडे येणारा एकही बाण नाही. "हिला कोणीच उत्तर दिलं नाही?" तिने विचारलं. म्हटलं, नाही दिलं. मग खालची मोकळी जागा दाखवली आणि इथे काय हवं होतं ते सांगितलं. तिने पर्समधून पेन काढलं, विचारलं, "इथेच लिहू?" आणि उभ्या उभ्याच दोन ओळी लिहिल्या.